‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्याआधी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मूल होऊ द्यावे की नाही, केव्हा, किती, आणि त्यासाठी कोणत्या उपचारापर्यंत जावे, हे निर्णय माणसे प्रत्यक्षात कसे घेतात याचा मानसशास्त्रात अभ्यास होतो. मागील अंकातील माझ्या लेखाचा तोच विषय होता. त्यावर बडोद्यातून आणि बाहेरूनही पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि लांब पत्रे थोडी आवरली आहेत. औषधे आणि मात्रा यांविषयीचे प्रश्न मी बाजूला ठेवले आहेत. ते आपापल्या डॉक्टरांनाच विचारावेत.

प्रश्न : मूल होणे किंवा न होणे हा शरीराचा विषय आहे आणि त्यासाठी डॉक्टर आहेत. मानसशास्त्राचा संशोधक यात नेमके काय शोधतो? आमच्या वेळी असे निर्णय वगैरे कोणी घेत नसे. मुले होत आणि वाढत.
(निवृत्त शिक्षक, रावपुरा)

उत्तर : आपला पहिला मुद्दा मला मान्य आहे. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांच्याविषयी मानसशास्त्रज्ञाने डॉक्टरांना काही शिकवण्याचे कारण नाही. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र थोडे भांडते. १९५०च्या सुमारास भारतात एका स्त्रीला सरासरी सुमारे सहा मुले होत असत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ही सरासरी देशासाठी २.० आणि गुजरातसाठी १.९ अशी आली. एवढ्या अवधीत माणसाचे शरीर बदलत नसते. या घसरणीमागे कोट्यवधी घरांत, पुष्कळदा एक शब्दही न बोलता, घेतले गेलेले निर्णय आहेत. शिवाय ‘आमच्या वेळी’च्याही आधी यावर उघड चर्चा झाली होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, आणि त्यापायी नोकरी सोडावी लागणे व खटले दोन्ही सोसले.

आता संशोधक काय शोधतो ते सांगते. १९७३ साली लॉइस हॉफमन आणि मार्टिन हॉफमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधा वाटणारा प्रश्न पद्धतशीरपणे मांडला : मूल आई-वडिलांची कोणती गरज भागवते? म्हातारपणीचा आधार, घरातील हातभार, वंशाचे नाव, समाजातील स्थान, जिव्हाळा, स्वतः मोठे झाल्याची भावना, अशी उत्तरे त्यांनी वर्गवारीने लावली आणि पुढे त्याच दशकात नऊ देशांत त्या धर्तीवर पाहण्या झाल्या. तुर्कस्तानात १९७५ साली विचारलेले प्रश्न सुमारे पाव शतकानंतर पुन्हा विचारले गेले, तेव्हा मुलांच्या कमाईची आणि आधाराची अपेक्षा उतरलेली दिसली, आणि आनंद व जवळीक ही कारणे वर आलेली दिसली. कारणे बदलली की मुलांची संख्याही बदलते, कारण आधारासाठी चार मुले हवीशी वाटू शकतात, जिव्हाळ्यासाठी एक-दोन पुरतात.

बडोद्यातील मराठी घरांत मी हाच प्रश्न विचारते, तेव्हा पहिले उत्तर बहुधा ‘मुलाशिवाय घर पूर्ण होत नाही’ असे येते. खरे कारण पुष्कळदा दुसऱ्या भेटीत, सासूबाई देवळात गेलेल्या असताना, सांगितले जाते. म्हणूनच पती-पत्नीच्या मुलाखती वेगवेगळ्या घेण्याची पद्धत आहे. एकत्र बसवले की एकच उत्तर मिळते, आणि ते कोणाचे आहे हे कळत नाही.

याखेरीज दोन मांडण्या या क्षेत्रात वारंवार वापरल्या जातात. वॉरन मिलर यांनी इच्छा आणि इरादा यांत भेद केला : इतर कोणाचा विचार न करता मला काय हवेसे वाटते ती इच्छा, जोडीदार, पैसा, नोकरी, घरातील माणसे यांचा हिशेब करून मी काय करायचे ठरवतो तो इरादा. दुसरी मांडणी आइसेक आयझेन यांची. तिच्यानुसार इरादा तीन गोष्टींतून घडतो : त्या कृतीबद्दलचे आपले मत, आपल्या माणसांची अपेक्षा, आणि ही गोष्ट आपल्या हातात कितपत आहे याबद्दलचा अंदाज. आपल्याकडे मधली गोष्ट फार जड असते, हे शिक्षक म्हणून चाळीस घरांत जाऊन आलेल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. दोन वेळा आयव्हीएफ (स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करण्याचा उपचार) केले, दोन्ही वेळा राहिले नाही. सासूबाई, शेजारणी, एवढेच नव्हे तर उपचार केंद्रातील एक परिचारिकाही म्हणाली की ‘तू टेन्शन घेतेस म्हणून असे होते’. आता मला रडायचीसुद्धा भीती वाटते. ट्रान्सफरनंतरचे, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतरचे, पंधरा दिवस मी श्वास मोजत काढते. हे खरे आहे का?
(वाचिका, बडोदे)

उत्तर : नाही. हे आधी एका शब्दात सांगते, म्हणजे पुढचे वाचताना आपला जीव टांगणीला लागणार नाही.

कार्डिफ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅकी बोइव्हिन यांनी दोन सहकाऱ्यांसह २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याच प्रश्नावरचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांनी १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र केली. निवडीची अट महत्त्वाची होती : मनावरचा ताण उपचार सुरू होण्यापूर्वी मोजलेला असला पाहिजे आणि निकाल नंतर पाहिलेला असला पाहिजे. ज्यांना त्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या त्या फेरीत, दिवस राहिले आणि ज्यांना राहिले नाहीत, त्यांच्या आधीच्या ताणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. ही अट नसती तर काय झाले असते याचा विचार करा. निकाल हाती आल्यावर विचारले, तर अपयश आलेली प्रत्येक स्त्री आपण खिन्न होतो असेच सांगेल, आणि पाहणाऱ्याला वाटेल की खिन्नतेमुळे अपयश आले. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल आपल्या सासूबाईंच्याच नव्हे, काही जुन्या अभ्यासांच्या बाबतीतही झालेली आहे.

तरीही हा समज टिकतो, आणि तो का टिकतो हाही मानसशास्त्राचाच विषय आहे. ‘मूल दत्तक घेतले आणि लगेच दिवस राहिले’, ‘सगळे सोडून देऊन फिरायला गेले आणि गोड बातमी आली’, अशी एकेक गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते. दत्तक घेतल्यावर ज्यांना दिवस राहिले नाहीत त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखे काही घडलेले नसते. दुसरे असे की ज्यांच्या तपासण्यांत कोणतेही कारण सापडत नाही अशा काही जोडप्यांना उपचारांशिवायही दिवस राहतात. योगायोगाने तो महिना सुट्टीचा असला की श्रेय सुट्टीला जाते. तिसरे कारण मला अधिक अस्वस्थ करते. समोरच्या माणसाला स्वतःची असहायता सहन होत नाही, म्हणून तो आपल्या हाती एक उपाय देतो. त्या उपायात दोषारोप दडलेला असतो हे बहुधा त्याच्या लक्षातही येत नाही.

याचा अर्थ आपला ताण क्षुल्लक आहे असा नाही. अमेरिकेतील ॲलिस डोमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांची तुलना इतर दीर्घ आजारांच्या रुग्णांशी केली, तेव्हा त्यांची मानसिक लक्षणे कर्करोगाच्या आणि हृदयविकारातून सावरणाऱ्या रुग्णांइतकीच आढळली. उपचार मध्येच सोडून देण्यामागेही शारीरिक आणि मानसिक ओझे हे वारंवार सापडणारे कारण आहे. तेव्हा ताणाची काळजी घ्यायची ती आपली झोप, आपले बोलणे आणि आपला संसार यांच्यासाठी, रिपोर्टसाठी नव्हे. एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवते : अतिशय कमी खाणे, अतिव्यायाम किंवा फार तीव्र ताण यांमुळे काही स्त्रियांची पाळीच थांबते. पण तो वैद्यकीय निदानाचा भाग आहे आणि तपासण्यांत दिसतो. ट्रान्सफरनंतर संध्याकाळी रडू आले, याच्याशी त्याचा संबंध नाही.

त्या पंधरा दिवसांबद्दल बोइव्हिन आणि डेबोरा लँकास्टल यांनी वेगळे काम केले आहे. या काळात करण्यासारखे काहीच नसते, निकाल आपल्या हातात नसतो, आणि आशा व भीती दोन्ही एकाच दिवशी वर येतात, हे लक्षात घेऊन त्यांनी दहा वाक्यांचे एक लहान कार्ड तयार केले. सकाळ-संध्याकाळ ते वाचायचे असते. परिस्थिती बदलता येत नसली तरी तिच्यातील सोसण्याजोग्या बाजूकडे लक्ष वळवणे, असा त्या वाक्यांचा रोख आहे. दिवस राहण्याची शक्यता वाढवण्याचा दावा त्यात नाही, आणि मला ते कार्ड आवडण्याचे कारणही तेच आहे. आपण असे काही स्वतःच्या मराठीत लिहून ठेवू शकता.

आणखी दोन गोष्टी. आपल्या पत्रात पतीच्या तपासण्यांचा उल्लेख नाही. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकट्याने किंवा जोडीने असते. वीर्यतपासणी झालेली असेलच, परंतु ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे त्यांना कोणी म्हटले आहे का, हे त्यांना विचारून पाहा. दुसरे, २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार उपचार केंद्राने जोडप्याला व्यावसायिक समुपदेशन देणे, यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि जोखीम सांगणे, इतकेच नव्हे तर दत्तक घेण्याच्या शक्यतेचीही माहिती देणे बंधनकारक आहे. संमतिपत्रावर सह्या घेणे म्हणजे समुपदेशन नव्हे. पुढच्या सायकलपूर्वी समुपदेशकाची वेळ मागून घ्या, आणि परिचारिकेचे ते वाक्य तेथे जरूर सांगा. सासूबाईंशी मात्र आपण बोलू नये, आपल्या पतीने बोलावे. शेजारच्या सीमंताचे किंवा डोहाळजेवणाचे आमंत्रण आले तर न जाण्याची मोकळीक आपल्याला आहे. भेटवस्तू पाठवली की पुरे.

प्रश्न : आम्हाला पाच वर्षांची मुलगी आहे. मला आणि माझ्या आईला दुसरे मूल हवे आहे. पत्नी नोकरी करते, ती नको म्हणते. आईच्या मते एकटे मूल हट्टी होते, शिवाय तिचे वय झाले असल्याने नातवंड सांभाळण्याची हीच वेळ आहे. पत्नीला समजावण्याचा एखादा शास्त्रीय मार्ग सांगावा.
(वाचक, वय ३८, सुलतानपुरा)

उत्तर : असा मार्ग माझ्याकडे नाही, आणि असता तरी तो एका बाजूच्या हाती देणे मला योग्य वाटले नसते. आपल्या पत्रात आईंच्या मताला दोन कारणे मिळाली आहेत आणि पत्नीच्या मताला एकही नाही. ती का नको म्हणते हे आपल्याला ठाऊक आहे की नाही, हे मला पत्रावरून कळत नाही. सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

वर मिलर यांचा इच्छा आणि इरादा यांतील भेद सांगितला आहे, तो येथे उपयोगी पडेल. दुसरे मूल नकोच असणे आणि आजच्या परिस्थितीत नको असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वेळी काय झाले यावर पुष्कळ अवलंबून असते. जर्मनीतील कुटुंबांच्या दीर्घ पाहणीच्या आधारे रेचेल मार्गोलिस आणि मिक्को म्यूर्स्क्युल्या यांनी २०१५ साली दाखवले, की पहिल्या मुलाच्या जन्मानंतर आई-वडिलांचे समाधान जितके अधिक घसरते, तितकी दुसरे मूल होण्याची शक्यता कमी होते. ज्या रात्री मुलगी रडत होती त्या रात्री कोण उठत होते, बाळंतपणानंतर नोकरीवर परत जाताना पत्नीला काय सोसावे लागले, आणि आईंनी सांभाळण्याचे ठरवले तरी डॉक्टरकडे, शाळेत, तापात रजा कोणाची पडणार, या प्रश्नांची उत्तरे पत्नीकडे तयार असतील. ती ऐकताना मध्ये बोलू नका. एकट्या मुलांच्या हट्टीपणाविषयी एवढेच सांगते की, अशा मुलांचा स्वभाव भावंडे असलेल्या मुलांपेक्षा वाईट निघतो, या समजाला संशोधनाने आधार दिलेला नाही.

पती-पत्नीत एकमत नसेल तर मूल होण्याचे प्रमाण दोघांनाही हवे असणाऱ्या जोडप्यांपेक्षा कमी राहते, हे पाहण्यांत दिसले आहे. म्हणजे ‘नको’ला वजन असते, आणि ते असायलाच हवे, कारण गर्भारपण आणि बाळंतपण एकाच व्यक्तीच्या शरीरात घडते. त्यानंतरचा भारही कोणाकडे जातो हे पाहायचे असेल तर पहिल्या उत्तरात उल्लेख केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील एक आकडा पुरेसा आहे : देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के.

करण्यासारखे एक काम सुचवते. आपण दोघांनी, आईंना वगळून, वेगवेगळ्या कागदांवर ‘दुसरे मूल का हवे’ आणि ‘का नको’ अशा दोन्ही बाजूंची कारणे लिहावीत आणि मग कागद बदलून वाचावेत. दोन्ही बाजू दोघांनीही लिहायच्या आहेत, एवढे लक्षात असू द्या. ‘मुलगा हवा’ हे कारण आपल्या कागदावर आले, तर त्याच्यावर स्वतंत्र पत्र लिहा; माझे उत्तर आपल्याला आवडणार नाही.

प्रश्न : मुलगी ३१ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये तिची एएमएच चाचणी झाली, आकडा कमी आला. आम्ही घाबरून लग्नाची घाई करतो आहोत. बरोबर आहे ना?
(आई, दांडिया बाजार)

उत्तर : त्या आकड्यावरून घाई करणे बरोबर नाही. अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा साधारण किती आहे आणि आयव्हीएफच्या औषधांना प्रतिसाद कसा मिळेल, याचा अंदाज ही चाचणी देते. ॲन स्टायनर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या, नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. वयाचा परिणाम मात्र खरा आहे, विशेषतः पस्तिशीनंतर, आणि तो आकडा चांगला आलेल्या मुलींनाही लागू आहे. तिने एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे, पाळी अनियमित असेल तर लवकर भेटावे. याबाबतीत चुकीच्या समजुती सगळीकडेच आहेत : बोइव्हिन यांच्याच गटाने ७९ देशांतील सुमारे दहा हजार लोकांना जननक्षमतेविषयी प्रश्न विचारले तेव्हा सरासरी ५६.९ टक्के उत्तरे बरोबर आली, आणि हे सारे लोक मूल होण्यासाठी प्रयत्न करणारे होते. लग्न कोणाशी करायचे हे ठरवताना रक्ततपासणीचा अहवाल टेबलावर ठेवू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : वय ४२, आयव्हीएफचे चार प्रयत्न झाले. पती म्हणतात, ‘इतके केले, आता थांबलो तर सगळे वाया जाईल, अजून एकदा करू.’ माझे शरीर आणि मन थकले आहे, पण थांबले तर आयुष्यभर खंत राहील का, ही भीती वाटते. थांबायचे केव्हा हे संशोधन सांगते का?
(वाचिका, बडोदे)

उत्तर : केव्हा, हे सांगत नाही. कायद्याने स्त्रीसाठी पन्नास आणि पुरुषासाठी पंचावन्न ही वयोमर्यादा घातली आहे, पण ती आपल्या थकव्याची मर्यादा नव्हे. निर्णय कसा घेऊ नये आणि थांबल्यावर काय होते, याबद्दल मात्र संशोधनाकडे सांगण्यासारखे आहे.

पतींच्या वाक्यापासून सुरुवात करते. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ साली केलेल्या एका प्रयोगात नाट्यगृहाची हंगामाची तिकिटे काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना, त्यांना न विचारता, सवलतीत दिली गेली. नाटके तीच, तरीही पूर्ण किंमत मोजलेले लोक हंगामाच्या पहिल्या भागात अधिक वेळा नाटकाला आले. मोजून झालेला पैसा पुढच्या निर्णयाला असा ओढत राहतो. चार प्रयत्नांचा पैसा, इंजेक्शने आणि रजा पाचवा प्रयत्न केला तरी परत येणार नाहीत, आणि न केला तरी त्या वाया गेल्या असे नाही. त्या वेळी उपलब्ध माहितीवर घेतलेला तो निर्णय होता. पाचव्या प्रयत्नाबद्दल विचारायचा प्रश्न एवढाच आहे : आपल्या वयात, आपल्या अहवालांसह, या एका प्रयत्नातून मूल घरी येण्याची शक्यता किती? केंद्राला हा आकडा जिवंत जन्मांचा विचारा. ‘पॉझिटिव्ह रिपोर्ट’चा नको, कारण तो नेहमी मोठा असतो. दात्याच्या स्त्रीबीजाचा पर्याय सुचवला गेला असेल तर तो वेगळा निर्णय आहे, त्याला वेगळा वेळ द्या.

खंतीबद्दल. सोफिया गामेरो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली नेदरलँड्समधील ७,१४८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या उपचारांना अकरा ते सतरा वर्षे उलटली होती. मूल झाले की नाही यापेक्षा, मुलाची (किंवा आणखी एका मुलाची) इच्छा आजही तितकीच धरून ठेवली आहे का, याचा मानसिक आरोग्याशी अधिक घट्ट संबंध आढळला. ज्यांची इच्छा सुटली नव्हती त्यांच्यात मानसिक त्रासाची शक्यता, इच्छा सोडून देऊ शकलेल्यांच्या तुलनेत, २.८ पटींपर्यंत अधिक होती. हा अभ्यास एकदाच केलेल्या पाहणीचा आहे, त्यामुळे इच्छा धरून ठेवल्याने त्रास झाला की त्रासामुळे इच्छा सुटली नाही, हे त्यातून ठरत नाही. तरी एक गोष्ट दिसते : मूल नसलेल्या त्या स्त्रियांतील पुष्कळ जणी पुढे बऱ्या होत्या. त्यांचे दुःख पुसले गेले असेल असे मी म्हणणार नाही. गामेरो यांच्याच पुढच्या मांडणीत अशा जोडप्यांपुढे तीन कामे असतात : जे झाले नाही ते स्वीकारणे, त्याचा आपल्या आयुष्यात काही अर्थ लावणे, आणि नव्या उद्दिष्टांकडे वळणे. ही कामे क्रमाने होत नाहीत आणि दोघांची एकाच वेगाने होत नाहीत, म्हणून ‘ते सावरले, मीच अडकले’ असा निष्कर्ष लवकर काढू नका.

दत्तक घेण्याचा विचार असेल तर केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, प्रतीक्षा लांब असते आणि जोडप्याच्या एकत्रित वयानुसार कोणत्या वयोगटाचे मूल मिळू शकते हे ठरते; त्यामुळे माहिती आताच घेऊन ठेवा, निर्णय नंतर करा.

पाचवा प्रयत्न करायचाच ठरला तर तो सुरू होण्यापूर्वी दोघांनी मिळून दोन गोष्टी लिहून काढाव्यात : हा शेवटचा आहे का, आणि खर्चाची वरची मर्यादा कोणती. रिपोर्टच्या दिवशी, किंवा त्यानंतरच्या आठवड्यात, पुढच्या सायकलचे पैसे भरू नयेत. केंद्रातून सवलतीची मुदत संपत असल्याचा फोन आला तरी नाही.